पोपट आणि देवयानी

आमच्या शाळेसाठी कॉम्प्युटर निवडायला मानवतहून परभणीला आम्ही चौघं निघालो. चौघांतल्या तिघांनी कॉम्प्युटर कधी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तिघांतली एक माझी मुलगी शरणू. ती दोन वर्षांची, तिला माफ आहे. उरलेले दोघे निवड समिती होते.

दिनकरराव शाळेच्या संस्थेचे सचिव. कालव्याच्या पाण्यावर त्यांचा ऊस आहे आणि उसाच्या जोरावर त्यांना सगळ्या विषयांतलं कळतं. मत देण्याआधी ते घसा साफ करतात. एकदा घसा साफ झाला की मत बदलत नाही. दुसरे ईश्वरअप्पा, संस्थेचे उपाध्यक्ष आणि माझे सासरे. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी तीस वर्षं जिनिंगवर कापसाची प्रत ठरवली. गाडी आली की मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांत धागा ओढून बघायचा आणि बोलायचं. संपलं. तो माणूस आता कॉम्प्युटरची प्रत ठरवणार होता. एसटीच्या खिडकीला डोकं टेकून मी मनातल्या मनात हसून घेतलं. शरणू माझ्या मांडीवर पेरू खात होती. तिच्या तोंडातल्या बिया ती एकेक करून माझ्या तळहातावर ठेवत होती, फार जपून, जणू मी त्या पेरणार आहे.

मी, महानंदा, त्या शाळेत विज्ञान शिकवते. लग्नाआधी नांदेडला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तो समितीच्या लेखी शिवणकामाच्या कोर्ससारखा. "म्याडमना येतं थोडं थोडं," असं दिनकरराव सगळ्यांना सांगत.

कॉम्प्युटरचे पैसे मात्र माझ्या एका फोटोमुळे आले होते. माझ्या माहेरी गंगाखेडला फोटोचा स्टुडिओ आहे. वडिलांचा जुना कॅमेरा आणि तिवई माझ्याबरोबर सासरी आली. हिवाळ्यात संध्याकाळी लाइट गेली की मानवत काळंभोर होतं. शरणूला आजीपाशी द्यायचं, गच्चीवर जायचं, कॅमेरा आभाळाकडं करून वीस वीस सेकंद उघडा धरायचा. लाइट आली की माझी सुट्टी संपली. डिसेंबरात असेच मी देवयानीचे तीन फोटो घेतले. देवयानी म्हणजे तारकांचा एक समूह, त्यात एक दीर्घिका आहे, आपल्या आकाशगंगेसारखीच पण फार लांबची. नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसतो. तिन्हींतल्या एका फोटोत तो ठिपका ठळक आला. तो मी मोठा करून प्रयोगशाळेत लावला, खाली सुबक अक्षरात 'देवयानी' लिहिलं. शाळेची एक जुनी विद्यार्थिनी पुण्याहून माहेरपणाला आली होती. तिनं फोटो पाहिला, डोळे पुसले आणि पत्र पाठवलं: मुलींना आकाशाच्या फोटोंवर काम करता यावं म्हणून शाळेनं कॉम्प्युटर घ्यावा, खर्च तिचा.

ती अट संस्थेच्या बैठकीत वाचून झाली. पुढच्या मिनिटाला सगळे विसरले.

जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, एसट्या कधी सुटत कधी सुटत नसत. म्हणून समितीची फेरी फेब्रुवारीवर गेली. तेवढ्या काळात मी वहीत लिहून ठेवलं होतं, मला काय हवं ते. आकाशाचे फोटो काळेपांढरे, तेव्हा रंगीत पडद्यावर खर्च नको. पडदा काळापांढरा, पण राखाडीच्या भरपूर छटा दाखवणारा. वाचलेल्या पैशात मेमरी जास्त, म्हणजे तीन फोटो एकदम मावतील. फोटो आत घ्यायला हातात धरायचा स्कॅनर. आणि प्रोग्राम असा की प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाचा आकडा जसाच्या तसा देईल. मग तिन्ही फोटो एकमेकांवर बसवून बेरीज करायचा छोटा प्रोग्राम मी स्वतः लिहीन. फिल्मवरचे कण दर फोटोत वेगळ्या जागी असतात, ते बेरजेत पुसट होतात. तारे तिथंच राहतात, ते उठून दिसतात. एवढंच. हे मी वर्गात सातवीच्या मुलींना सांगितलं होतं आणि त्यांना कळलं होतं.

परभणीत स्टेशन रोडवर बन्सीधर यांचं दुकान. दारात चपला काढायला लावल्या, शरणूचे पायसुद्धा पुसून घेतले. आत एसीचा गारवा, दोन यंत्रांवर प्लॅस्टिकची झाकणं आणि प्रत्येक झाकणावर कुंकवाचं बोट.

"या अप्पासाहेब, या रावसाहेब," बन्सीधर म्हणाले. माझ्याकडं बघून, "वहिनी, बाळाला वायरीपासून लांब ठेवा."

दिनकररावांनी घसा साफ केला. "आमाला ताऱ्यांसाठी पाहिजे."

"मग तुमी बरोबर जागी आलात! कुंडलीचा प्रोग्राम आहे आपल्याकडं. जन्मवेळ टाका, दोन मिनिटांत पत्रिका छापून बाहेर. गुण मिलन, मंगळ, साडेसाती, सगळं."

दिनकररावांचा चेहरा उजळला. "साडेसाती बी सांगतं?"

"सांगतं! शांतीसकट."

"अप्पा, ऐकायलाव का? मुलींच्या शाळेला कामाची वस्तू हाय. लग्नं जमतील."

मी म्हटलं, "आपल्याला तारे बघायचेत. ताऱ्यांनी आपल्याला बघायचं नाही."

कोणी हसलं नाही. शरणू तेवढी हसली, पण ती माझ्या प्रत्येक वाक्याला हसते.

मग पोपट आला. बन्सीधरांनी कडेच्या यंत्राचं झाकण लग्नातल्या अंतरपाटासारखं दूर केलं, चार कळा दाबल्या आणि पडद्यावर हिरवागार पोपट उभा राहिला. लाल चोच, निळं आभाळ.

"पोपत!" शरणू ओरडली.

"बघा, लेकराला कळलं," बन्सीधर म्हणाले.

लेकराला पोपट कळला, कॉम्प्युटर नाही, पण दिनकररावांचा घसा साफ होऊन गेला होता. "हेच घ्यायचं. शाळेत पाव्हणे आले की पोपट दाखवू."

मी खुर्चीवरून उठून जवळ गेले. पोपट म्हणजे नुसते चौकोन होते, कशिद्याच्या टाक्यांसारखे. बोटभर अंतरावरून डोळा कुठं, चोच कुठं, कळत नव्हतं. "यात मेमरी किती?" मी विचारलं.

"लागेल तेवढी आहे."

"आकडा सांगा ना."

बन्सीधरांनी दिनकररावांकडं पाहून आकडा सांगितला, प्रश्न जणू त्यांनीच विचारला होता. "एक एमबी. पण वहिनी, रंगीत आहे हो."

"आणि ते?" मी कोपऱ्यातल्या दुसऱ्या यंत्राकडं बोट केलं.

"ते चार एमबीचं. पण काळंपांढरं. ते आमी लग्नपत्रिका छापायच्या कामाला ठेवलंय. गणपतीचं चित्र आत घ्यायला स्कॅनर जोडलाय त्याला. तुमाला काय करायचंय त्याचं?"

माझ्या वहीत लिहिलेलं सगळं त्या कोपऱ्यात धूळ खात उभं होतं. मला एकदम भीती वाटली. हवं ते समोर दिसलं की ते हातचं जाण्याची भीती जास्त वाटते. पोपट घेतला गेला असता तर मुलींनी वर्षभर काय केलं असतं, मला दिसत होतं. यंत्रावर झाकण, झाकणावर हार, आणि पंधरा ऑगस्टला पाहुण्यांना पोपट.

पिशवीतून मी तिन्ही फोटो काढले. "यातला एक आत घ्या आणि दोन्ही यंत्रांवर दाखवा. मग ठरवा."

"आता म्याडम परीक्षा घेणार," दिनकरराव म्हणाले.

बन्सीधरांनी कंटाळत स्कॅनर उचलला. कपड्याच्या ब्रशाएवढा, खाली उजेडाची पट्टी. ठळक देवयानीचा फोटो टेबलावर ठेवून त्यांनी तो वरून खाली ओढला. चित्र फ्लॉपीवर घेतलं आणि आधी पोपटाच्या यंत्रात घातलं. बारीक चित्र दाखवायला त्यातल्या पडदा चालवणाऱ्या कार्डापाशी सोळाच रंग, त्यांत राखाडीच्या चारच छटा होत्या. माझं आभाळ पडद्यावर घोंगडीसारखं आलं, चार ठिगळांचं. तारे पिठाच्या ठिपक्यांसारखे. देवयानी नाहीच.

"छान दिसायलंय की," दिनकरराव म्हणाले. "काळंभोर."

"देवयानी कुठाय यात?"

"असंल की कुठंतरी. आभाळ मोठं असतं."

मामा तेवढा वेळ मागं खुर्चीत बसून होते. पोपट आला तेव्हाही आणि कुंडली आली तेव्हाही. आता त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि कापसाचा एक पुंजका बाहेर काढला. जिनिंग सोडून चार वर्षं झाली, तरी त्यांच्या खिशात कापूस असतो. धुण्याच्या दिवशी सगळ्या कपड्यांना चिकटतो.

"हे दिसतं का ह्याच्यात?" त्यांनी बन्सीधरांना विचारलं.

मी डोळे मिटून घेतले. मामा, इथं नको.

"अप्पासाहेब, हे कागदासाठी असतं."

"मग कागदावर ठेवतो."

त्यांनी कापूस चिमटीनं विंचरून पातळ केला, फोटोच्या मागच्या बाजूवर पसरला आणि स्कॅनर स्वतःच्या हातात घेतला. तीस वर्षं धागा मोजलेला हात आहे तो. स्कॅनर अर्ध्यावर गेला आणि कुर्रर्र झालं. कापूस चाकात गुंडाळला गेला. बन्सीधर अक्षरशः धावले. "अहो, अहो, रोलर गेला!" मग ते टाचणीनं तंतू काढत बसले आणि दिनकरराव भिंतीकडं तोंड करून हसले. मला लाज वाटली. लाजेतही मी शरणूचे केस सारखे करत राहिले, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

पण अर्धं चित्र आत गेलं होतं. कोपऱ्यातल्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर कापूस उमटला, आणि मामा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"हा वरचा धागा दुधी," ते बोटानं दाखवत म्हणाले. "हा खालचा राखी मारतो. पावसात भिजलेलं बोंड असणार. आणि हा बघ, हा कवडी. किडीनं खाल्लेला." वळून पोपटाच्या पडद्याकडं पाहिलं. "त्यात दाखवा."

त्यात कापूस म्हणजे पांढरा गोळा होता. चुन्याचा म्हटलं तरी चाललं असतं.

"न्हाई," मामा म्हणाले. "ह्यात तर सगळ्याच गाड्या एक नंबर."

माझ्या मनात पहिल्यांदा आलं, हा माणूस पांढऱ्यात किती प्रकार बघतो. मला पांढरा आणि मळका एवढे दोनच माहीत होते.

"आता तुझी देवयानी दाव."

बन्सीधरांनी साफ केलेला स्कॅनर परत ओढला. कोपऱ्यातल्या पडद्यावर माझं आभाळ आलं आणि मला खरंच भरून आलं. फोटोच्या कागदावर जे डोळ्याला दिसत नव्हतं ते तिथं दिसत होतं, बारीक बारीक तारे, काळ्याच्या आत काळं. आणि ती. ठळक, धुरकट. मी शरणूला उचलून म्हटलं, "बघ बाळा, देवयानी."

मामांनी मान हलवली. "दुसरी मूठ."

"काय?"

"गाडी आली की आमी एका मुठीवर बोलत न्हाई. वरची मूठ सगळेच चांगली लावतात. एक पोटातली काढायची, एक बुडातली. तिन्हीत जे सारखं तो माल. दुसरा फोटो दाव."

दुसरा आत घेतला. मामांनी तारे ओळखायला घेतले, नावानं नाही, रांगेनं. "ह्या तीन चांदण्यांची रांग धर. पहिल्या फोटोत रांगेच्या बाहेर, ह्या बाजूला तुझी देवयानी. बरं. आता दुसऱ्यात रांग इकडं सरकली. तर देवयानी इथं पाहिजे." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "इथं न्हाई."

तिसरा आला. तिसऱ्यातही नव्हती.

मला कळलं होतं. मामांच्या आधी कळलं असेल, कदाचित डिसेंबरातच कळलं असेल आणि मी कळू दिलं नसेल. पुस्तकातल्या नकाशात ती दीर्घिका त्या रांगेतल्या टोकाच्या ताऱ्याला खेटून होती. माझ्या मोठ्या फोटोत दोन बोटं बाजूला. दोन बोटं! मी स्वतःला काय सांगितलं असेल? नकाशा चुकला असेल. नकाशा चुकला म्हणे, आणि मी लोकांना हसत होते. फिल्म धुऊन वाळत घातली तेव्हा शरणू रडली, मी थेंब न पुसताच धावले. तो थेंब वाळला होता तिथं.

"डाग हाय," मामा हळूच म्हणाले. मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले असावेत. पण दिनकररावांचे कान उसाच्या पाचटात पडलेला रुपयाही ऐकतात.

"काय म्हणता अप्पा? डाग?" त्यांनी घसाही साफ केला नाही. "म्हणजे दोन महिने आमच्या पोरी पाण्याच्या डागाला देवयानी म्हणायलेत? पुण्याच्या बाई डागावर रडल्या?"

"हो," मी म्हटलं. "डागच आहे. चूक माझी."

"मग संपलं की! तारे न्हाईत, तर ताऱ्यांचं यंत्र कशाला? बन्सीधर, पोपट बांधा."

बन्सीधर लगेच सुतळी शोधायला लागले. मी टेबलावरचे फोटो गोळा करू लागले. शरणूनं माझी हनुवटी दोन्ही हातांत धरून आपल्याकडं वळवली. मी बघत नसले की ती असं करते.

"थांबा ओ," मामा म्हणाले. ते पडद्यासमोरून हलले नव्हते. "एक मूठ डागी निघाली म्हणून सबंध गाडी परत लावत नसतात. महानंदे, इकडं ये. ह्या टोकाच्या चांदणीच्या बगलेत काय हाय?"

मी वाकले. मला काहीच दिसेना.

"डोळे ताणू नको. असंच बघ, बाजूला बघितल्यासारखं."

मग दिसलं. चिमूटभर. उजेड म्हणवत नाही, अंधार तेवढ्यापुरता पातळ झालेला.

"पहिला दाखवा," मामा म्हणाले. पहिल्यातही त्याच चांदणीच्या बगलेत. "तिसरा." तिसऱ्यातही. रांग सरकली होती, तेही रांगेबरोबर सरकलं होतं.

"वरच्या मुठीत हाय, पोटातल्या मुठीत हाय, बुडातल्या मुठीत हाय," मामा म्हणाले. "हा माल."

नकाशात होती तिथंच होती ती. माझ्या फोटोंत डिसेंबरपासून होती. मी तिच्या शेजारी तिच्या नावाची पाटी लावून डाग पुजत बसले होते.

दिनकरराव पुढं झुकले, डोळे बारीक केले, मागं झाले. "मला तर काय दिसंना."

"तुमचं चष्म्याचं बघा," मामा म्हणाले. "बन्सीधर, ती सुतळी इकडं आणा. हे यंत्र बांधा. स्कॅनर बी."

"अप्पा, काय बोलायलाव? एवढं काळंपांढरं नेलं तर लोक काय म्हणतील?"

"दिनकरराव, तुमच्या पोपटवाल्यात सुनेची खरी देवयानी दिसली न्हाई ते सोडा. त्यात डाग तरी दिसला का?"

"न्हाई."

"मग? जे यंत्र आपल्याच माणसाचं खोटं उघडं करतं ते शाळेत पाहिजे. दुसरं घरी ठेवा, पाव्हण्यांना दाखवायला."

पुण्याच्या बाईंच्या पत्राचा विषय मी तेव्हा काढला, सहीसकट. आकाशाच्या फोटोंसाठी, असं त्यात स्पष्ट होतं. दिनकररावांनी घसा साफ केला, पण मत निघालं नाही. तेवढंच मला एसटीभर पुरलं.

सोमवारी पहिल्या तासाला मी फोटो भिंतीवरून काढला आणि मुलींना सांगितलं. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, मी म्हटलं होतं, ती लय मोठी दिसायलीय." म्हटलं होतं खरं. मी तिला गप्प बसवलं होतं. पुण्याला मी दोन पानांचं पत्र लिहिलं, डागाचं काही न लपवता. उत्तर अजून आलेलं नाही.

प्रयोगशाळेत यंत्र सुरू केलं तेव्हा आधी बन्सीधरांचा पोपट निघाला. भेट म्हणून आत घालून दिला होता. काळ्यापांढऱ्या पडद्यावर तो राखाडी दिसत होता.

"काऊ!" शरणू म्हणाली.

बेरजेचा प्रोग्राम लिहायला मला सोळा दिवस लागले. शरणू दुपारी झोपते तेवढा वेळ, आणि ती हल्ली कमी झोपते. पहिली बेरीज चुकली, सगळे तारे जोडीनं आले. दुसऱ्या वेळी रांग रांगेवर बसली. डाग तिसरा हिस्सा उरला, फिक्का, वाळलेल्या थेंबाला शोभेल एवढा. टोकाच्या चांदणीच्या बगलेत मात्र ती होती, लांबट, तिरपी, मूठभर.

मामांना बोलावलं. ते वहाणा काढून आत आले, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

"किती लांब म्हणालीस?"

"तिथून निघालेल्या उजेडाला इथं यायला वीस-बावीस लाख वर्षं लागतात."

ते पडद्याजवळ सरकले. मग खिशातून बोटभर कापूस काढून पडद्याशेजारी धरला, पुढं-मागं केला, रंग जुळवत असल्यासारखा. "दुधीच," म्हणाले.

शरणूनं पडद्यावरच्या देवयानीवर बोट ठेवलं. बोट पेरूनं चिकट होतं, ठसा उमटला. मी पुसायला पदर उचलला, पण ठसा तसाच ठेवला. कुठला ठसा शरणूचा आणि कुठली देवयानी, ते आता मला सांगता येत होतं.